शेवटची खरी रोल्स-रॉईस कोणती? माझं मत: २००० सालची कॉर्निश

चौथा_गिअर

रोल्स-रॉईस म्हटलं की हल्ली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर गुडवूडच्या नव्या कारखान्यातली फँटम येते. गाडी म्हणून तिला नावं ठेवायला जागा नाही. पण रोल्सचा वारसा तिच्याकडे आहे, हे मला पटत नाही. माझ्या लेखी शेवटची खरी रोल्स म्हणजे २००० मध्ये आलेली आणि २००२ मध्ये बंद झालेली कॉर्निश. दोन दारं, उघडा टप, वजन अडीच टनांच्या वर.

ज्यांना भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९८ मध्ये रोल्स-रॉईस मोटारींची तेव्हाची मालक कंपनी व्हिकर्सने हा धंदा विकायला काढला. फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून इंग्लंडमधल्या क्रू गावचा कारखाना, कामगार, आराखडे आणि बेंटली घेतली. रेडिएटरवरची ती ग्रीक देवळाच्या धाटणीची जाळी आणि तिच्यावरची पंखवाली बाईसुद्धा त्यांच्याकडे गेली. 'रोल्स-रॉईस' हे नाव मात्र व्हिकर्सचं नव्हतंच. ते विमानाची इंजिनं बनवणाऱ्या रोल्स-रॉईसचं, आणि तिने ते ४ कोटी पौंडांत बीएमडब्ल्यूला वापरायला दिलं. शेवटी तोड निघाली: २००२ अखेरपर्यंत रोल्स क्रूमध्येच बनेल, १ जानेवारी २००३ पासून बीएमडब्ल्यूची. त्यांनी ससेक्समध्ये गुडवूडला नवा कारखाना उभा केला.

थोडक्यात, पाटी गुडवूडला गेली आणि कसब क्रूमध्ये राहिलं. कॉर्निशच्या बोनेटखाली १९५९ पासून चालत आलेलं तेच व्ही-८ होतं, ६.७५ लिटरचं. टर्बो लावूनही फक्त ३२५ अश्वशक्ती, कारण या गाडीने धावावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. बोला.

घाटवळण

साफ असहमत. २०००ची कॉर्निश म्हणजे जाळी बदललेली बेंटली अझूर. सांगाडा तिचा, इंजिन तिचं. ती जर रोल्सच्या वारशाची शेवटची मानकरी असेल तर धन्य आहे.

खरी कॉर्निश मार्च १९७१ची. तिचा मुहूर्त तरी बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत रोल्स-रॉईसचं दिवाळं वाजलं होतं. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी-२११ इंजिन बनवता बनवता तिजोरी रिकामी झाली आणि सरकारला विमान-इंजिनांचा विभाग ताब्यात घ्यावा लागला. अशा वेळी, महिनाभराच्या आत, मोटारवाल्यांनी कॉर्निश बाजारात आणली. खरं तर ती १९६६-६७ पासून बनत असलेली दोन दारांचीच गाडी, फक्त सुधारून नव्या नावाने आणलेली. पण अंगावर छप्पर कोसळत असताना बिनछपराची गाडी विकायला काढणं, याला छाती लागते.

शिवाय तिची बॉडी लंडनच्या विल्सडेनमध्ये मलिनर पार्क वॉर्डकडे घडायची. एच. जे. मलिनर आणि पार्क वॉर्ड या दोन्ही नावाजलेल्या पेढ्या; रोल्सने दोन्ही विकत घेऊन १९६१ मध्ये एकत्र केल्या. रोल्सच्याच सिल्व्हर शॅडोचा पाया घेऊन त्यावर हाताने घडवलेले पत्रे. गाडी १९९५ पर्यंत चालली, बाह्यरूप जवळजवळ तेच ठेवून. वारसा म्हणतात तो हा.

चौथा_गिअर

@घाटवळण, 'जाळी बदललेली बेंटली' हा आरोप रोल्सवर लावायचा तर मग १९४६ पासूनच लावा. सिल्व्हर शॅडो आणि बेंटली टी यांत जाळी आणि बोधचिन्हं सोडून काय वेगळं होतं? तुमच्या लाडक्या कॉर्निशचीही बेंटली आवृत्ती निघायचीच, १९८४ मध्ये तिचं नाव कॉन्टिनेंटल केलं. १९३१ मध्ये रोल्सने बेंटली गिळली तेव्हापासून हा संसार एकत्रच आहे.

शिळा_सूर

श्रीमंतांच्या गाड्यांवर मराठीत इतका काथ्याकूट! आपला काय संबंध?

घाटवळण

@शिळा_सूर, संबंध आहे, हवा तर घ्या. १९०८ मध्ये सिल्व्हर घोस्टने मुंबई ते कोल्हापूर अशी चाचणी दिली होती, घाट चढून. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली. आणि ती पंखवाली बाई जिच्यावरून घडवली असं मानतात, त्या एलिनॉर थॉर्नटन १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला निघालेल्या 'पर्शिया' बोटीवर होत्या. क्रीटजवळ पाणबुडीने बोट बुडवली, त्या वाचल्या नाहीत.

पण संबंध नसता तरी वाद घातला असताच.

चेशायरचा_पाहुणा

मी क्रूपासून गाडीने अर्ध्या तासावर राहतो, म्हणून तोंड घालतो. 'क्रूचं कसब' हे ऐकायला छान वाटतं. पण क्रू हे मुळात रेल्वेचं गाव. तिथला हा कारखाना १९३८ मध्ये उभा राहिला तो मर्लिन विमान-इंजिनांसाठी, युद्ध दारात होतं म्हणून. मोटारी तिथे आल्या १९४६ मध्ये. त्याआधी रोल्स डर्बीची, आणि डर्बीच्या आधी मँचेस्टरची. रोल्स आणि रॉईस भेटले तेच मुळी १९०४ मध्ये मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात. रॉईस १९३३ मध्ये वारले, त्यांच्या हयातीत क्रूच्या कारखान्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे क्रू हा या कंपनीचा तिसरा मुक्काम. तिसरा चालतो तर चौथ्यानेच काय घोडं मारलंय?

दुसरा मुद्दा इंजिनाचा. १९९८ ची सिल्व्हर सेराफ क्रूमध्येच बनली, त्याच कामगारांनी. तिच्यात इंजिन होतं बीएमडब्ल्यूचं, व्ही-१२. आता ती खरी की खोटी?

चौथा_गिअर

म्हणूनच तर मी शेवटची म्हणून सेराफचं नाव घेतलं नाही. त्या काळात रोल्सचं स्वतःचं इंजिन असलेली नवीन मोटार कॉर्निशच.

चेशायरचा_पाहुणा

थांबा. वर म्हणालात वारसा कसबात आहे. सेराफला तेच कसब लागलं, तरी ती बाद, कारण इंजिन परकं. मग वारसा इंजिनात का? तसं असेल तर खरी वारस बेंटली मल्सान, कारण ते व्ही-८ तिच्यात २०२० पर्यंत होतं. आधी एक काय ते ठरवा.

पाना_दहा_बारा

मंडळी, मी आखातात एका गॅरेजात पुष्कळ वर्षं जुन्या इंग्रजी गाड्यांवर काम केलंय. शॅडो, कॉर्निश बऱ्याच हाताखालून गेल्या. वारशावर बोलताय तर पोटातलंही बघा. गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा, अमेरिकन. हायड्रॉलिक यंत्रणा सिट्रोएनकडून परवाना घेतलेली, फ्रेंच. मागचं सस्पेन्शन भार बघून उंची सांभाळतं ते तिच्यामुळे, ब्रेकही त्याच दाबावर. रोल्सवाल्यांनी उसनं घ्यायला कधी लाज बाळगली नाही. घ्यायचे आणि आपल्या पद्धतीने इतकं मऊ करायचे की मूळ मालकालाही ओळखू येऊ नये. गिअरची दांडी घ्या. ती नुसता विजेचा स्विच, गिअर मोटर टाकते, दोन बोटांनी काम होतं.

जुनी कॉर्निश बघायला गेलात तर एक करा. इंजिन चालवून बंद करा, चावी फिरवून ठेवा आणि ब्रेक दाबत जा, मोजत. दाब साठवणारे गोळे धड असतील तर बऱ्याच वेळा दाबल्यावर डॅशबोर्डवरचा ब्रेकचा दिवा लागतो. दोन-तीन दाबांत लागला तर गोळे गेलेत, खिसा सांभाळा. आणि १९८०च्या सुमारानंतरच्या गाड्यांना मिनरल ऑइल लागतं. तिथे कोणी साधं ब्रेक ऑइल ओतलं की सगळे सील फुगतात, मग पूर्ण यंत्रणा उतरवायची. जुन्या गाड्यांना नेमकं उलटं. टाकीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.

टपाचं सांगायचं तर, जुन्यात मोटर टप मागे नेते, पण वरचं कव्हर हाताने चढवून एकेक बटण लावावं लागतं. २००० वालीत तेही काम उरलं नाही. मला विचाराल तर जुनी.

घाटवळण

@पाना_दहा_बारा, +१. कव्हर हाताने लावण्यात गंमत आहे.

चौथा_गिअर

गंमत मालकाला नसते, ड्रायव्हरला लावावं लागतं!

@चेशायरचा_पाहुणा, तुमचा सवाल रास्त आहे, उत्तर असं: दोन्ही एकत्र हवं. इंजिन घरचं आणि कसब घरचं, वर रोल्सचं नाव. या तिन्ही गोष्टी ज्या नव्या मोटारीत शेवटच्या एकत्र आल्या ती २००० ची कॉर्निश. मल्सानवर नाव नाही, सेराफमध्ये इंजिन नाही, फँटममध्ये तर नाव सोडून काही नाही. अझूरशी नातं आहे, मान्य. पण अझूरचा टप आणि बॉडीचं काम इटलीत पिनिनफारिनाकडे व्हायचं, त्याचा बाऊ बेंटलीवाले करतात का?

चेशायरचा_पाहुणा

तीन अटी, आणि तिन्ही नेमक्या एकाच गाडीला बसतील अशा बेतलेल्या. मग १९०७ च्या सिल्व्हर घोस्टचं काय? तेव्हा बॉडी कंपनी बनवतच नव्हती. गिऱ्हाईक चॅसिस, म्हणजे नुसता सांगाडा, घ्यायचं आणि बार्करसारख्या बाहेरच्या कारागिराकडून वरचं काम करून घ्यायचं. तुमच्या हिशेबाने तीसुद्धा अर्धीच रोल्स.

गुडवूडने २००७ मध्ये फँटम ड्रॉपहेड कूपे काढली, २०१५ मध्ये डॉन. दोन्ही उघड्या टपाच्या, दोन्हींत व्ही-१२. डॉन एकदा चालवून बघा, मग बोला.

घाटवळण

डॉनला डॉन म्हणाले, ड्रॉपहेडला ड्रॉपहेड. कॉर्निश हे नाव गुडवूडने एकदाही वापरलेलं नाही. फोक्सवॅगनने मात्र अझूरवर बिनदिक्कत चिकटवलं. या एका बाबतीत माझं मत म्युनिकवाल्यांना, म्हणजे बीएमडब्ल्यूला.

चौथा_गिअर

आता तुम्हीच म्युनिकच्या बाजूने! सकाळी परत येतो, बार्करवाला मुद्दा सोडलेला नाही.