माइक आणि रॉकेलचे डबे

एका दादांनी लिहिलंय, चिंपांझींत दांडगा तोच म्होरक्या. तसं नाही हो. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी पाहिलेला माइक नावाचा चिंपांझी अगदी खालच्या पायरीवरचा. १९६४ च्या सुमारास तो रॉकेलचे रिकामे डबे आपटत, घरंगळवत इतरांवर धावून जायला लागला. त्या खणखणाटानेच सगळे दबले, मारामारी न करता हा वर! (आपल्याकडे प्रचाराला डीजे लावतात, त्यातलाच प्रकार.)

आणि खानापूरकडच्या माकडांवरून अंदाज बांधू नका. त्यांच्यात नर वयात आले की टोळी सोडतात. चिंपांझींत नर जन्मभर तिथेच, माद्या बहुधा परक्या टोळीत जातात. म्हणून युती, हद्दीवरची गस्त हे एकत्र वाढलेल्या नरांचं काम. पण गोम्बेतली टोळी फुटल्यावर १९७४ ते ७८ मध्ये एका गटातल्या नरांनी दुसऱ्या गटातल्या जुन्या सोबत्यांनाच एकेकटे गाठून मारलं.