यादीतल्या काही नोंदी वर्षानुवर्षे का रेंगाळतात?

निवांत:
कामांची यादी मी रोज सकाळी वहीत लिहितो. वीजबिल, गाडीची पीयूसी, वाण्याचे पैसे अशा नोंदींवर त्याच दिवशी काट बसते. 'वारस नोंद', 'जर्मन', 'वजन' या नोंदी मात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर नुसत्या उतरवल्या जातात. ही कामे मुळात अवघड आहेत म्हणून टळतात, की मी ती ज्या रीतीने लिहितो त्यामुळे? जाणकारांनी कृपया सांगावे.

कारकून:
लिहिण्याच्या रीतीमुळे नक्कीच फरक पडतो. वीजबिल म्हटले की पुढे काय करायचे हे ठाऊक असते. 'वारस नोंद' (जमिनीच्या नोंदीत वारसांची नावे लावणे) या दोन शब्दांत मात्र मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, जमिनीचा आठ-अ हा उतारा, ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा तलाठी कार्यालयात अर्ज, हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस आणि मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी एवढे सगळे कोंबलेले आहे. घाईच्या वेळी हे सारे नव्याने आठवावे लागते आणि नजर आपोआप खालच्या ओळीवर सरकते. त्याऐवजी 'मंगळवारी दाखल्याच्या प्रती आणणे' एवढेच लिहा. (शनिवार नको, सरकारी कार्यालये बंद असतात.) अर्ज दिल्यानंतर काही काळ काम तुमच्या हातात नसते, तेव्हा नोटिशीची मुदत संपण्याची तारीख पाहून त्यापुढच्या दिवशी 'आपली चावडी या संकेतस्थळावर फेरफाराची (नावातील बदलाच्या नोंदीची) स्थिती पाहणे' अशी नोंद करावी.

अंतरंग:
मानसशास्त्रात यावर बरेच काम झाले आहे. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, नाताळची पूर्वसंध्या कशी घालवली याचा वृत्तान्त ४८ तासांत लिहून पाठवायला विद्यार्थ्यांना सांगितले होते. तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतले, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी काम वेळेत केले. इतरांमध्ये हे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होते. म्हणजे नोंदीत क्रियापद घातले की काम भागले असे नाही, तिला वेळ आणि जागाही हवी. 'जर्मन' ऐवजी 'रात्री ओटा आवरून झाला की जेवणाच्या टेबलावर एका धड्याचे शब्द लिहिणे' असे करून पाहावे.

तिरकस:
वरील सल्ला योग्य आहे, पण तो सगळ्या यादीला लावू नका. एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी २०१२ मध्ये दाखवले की एकाच वेळी अनेक उद्दिष्टांसाठी असे तपशील ठरवले, तर फायदा ओसरतो, कारण वाटेतल्या अडचणी एकदम डोळ्यांपुढे येतात आणि उमेद खचते. जी कामे आपसूक होतात त्यांच्या नोंदी सजवण्यात वेळ घालवणे हा तर निव्वळ टाळाटाळीचा सभ्य प्रकार आहे. आणि 'वजन' हे काम नव्हे. त्यासाठी नेमके काय करणार हे सांगता येत नसेल, तर ती ओळ खुशाल खोडून टाका.

निवांत:
सर्वांचे आभार. 'वजन' खोडले. वारस नोंदीचे टप्पे लिहायला बसलो, तेव्हा अर्जात सर्व वारसांचे पत्ते द्यावे लागतात हे पाहिले, आणि धाकट्या बहिणीचा बेंगळुरूचा नवा पत्ता माझ्याकडे नाही. त्यामुळे पहिली नोंद 'रविवारी जेवणानंतर तिला फोन करून पत्ता लिहून घेणे' अशी झाली आहे. वीजबिलाच्या नोंदीला हात लावलेला नाही.