दुःखाच्या काळात विश्वासाने कसं सावरलं? खानदेशातल्या मंडळींचे अनुभव

सलाम मंडळी. अकाली मरण, बुडालेलं पीक, लांबलेलं आजारपण, यातलं काहीच पाहिलं नाही असं घर आपल्यात क्वचितच असेल. तेव्हा प्रभूचा आधार नेमका कशातून मिळाला, ते इथे लिहा. उपदेश नको, घडलं तेच लिहा.

मीच सुरुवात करते. 2021 च्या एप्रिलमध्ये जळगावात माझा धाकटा भाऊ कोरोनाने गेला. दफनाला मोजकीच माणसं. आईने प्रार्थना सोडली. ‘देवाशी माझं बोलणं नाही,’ म्हणायची. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी तिची समजूत काढली नाही. रोज संध्याकाळी फोन करायचे, बायबलातलं स्तोत्र 88 वाचायचे आणि ठेवून द्यायचे. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. पण आईला तेच जवळचं वाटलं. आपल्यासारखं भांडणारं कुणीतरी बायबलातही आहे म्हणाली. मग एका संध्याकाळी तीच बोलली, ‘साहेब, आता पुढचं वाचा.’ पुढचं, 89 वं, देवाच्या दयेच्या गाण्याने सुरू होतं.

नवापूरहून
फेब्रुवारी 2006. देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आमच्याकडे. मी पोल्ट्रीत कामाला होतो. अंगभर पांढरे सूट घातलेली पथकं आली, शेडच्या शेड रिकाम्या झाल्या, पक्षी खड्ड्यात पुरले. काम गेलं. रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतल्या बायांनी चर्चच्या ओट्यावर चादर अंथरली आणि घरून आणलेलं धान्य ओतलं. ज्वारी, तांदूळ, तूर सगळं एकत्रच. नंतर निवडत बसलो आम्ही. कोणी किती दिलं, कोणी किती नेलं, विचारलं नाही कोणी. तोवर बायको जाते म्हणून मी चर्चला जायचो. त्यानंतर स्वतःहून जाऊ लागलो.

रावेर तालुका
जूनच्या वादळात कापणीला आलेली केळी आडवी झाली. त्या रात्री वडिलांनी बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. अंजिराला फूल आलं नाही तरी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तिथे आहे. वडिलांनी अंजिराऐवजी ‘केळी’ म्हटलं. आवाज फुटत नव्हता, तरी म्हटलं. बास, एवढंच.

साक्रीहून
माझी मुलगी सिकलसेलने, त्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने गेली. थंडी पडली की हाडं इतकी दुखायची की पांघरुणाचं ओझंही सोसवायचं नाही. सांत्वनाला आलेलं एक माणूस म्हणालं, तुमचा विश्वास कमी पडला. ज्यांना असं बोलायची सवय आहे त्यांनी कृपा करून बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाचावा. मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो आधी रडला. लाजराच्या बहिणी मार्था आणि मरिया दोघी त्याला म्हणाल्या, तू इथे असतास तर भाऊ मेला नसता. त्यावर तो त्यांना रागावला नाही. आमच्या शेजारची म्हातारी आजी त्या माणसाला एवढंच म्हणाली, ‘तिले रडू दे, भाऊ.’ आणि माझा हात धरून बसली. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, मुलगी मला भेटणार आहे. पण त्या दुपारी मला त्या आजीच्या हाताने धरून ठेवलं, आणि तो हात प्रभूनेच पाठवला असं मी मानते.

अमळनेरहून
सगळं वाचलं. माझे पती गेल्याला वर्ष झालं नाही. मला अजून प्रार्थना जमत नाही. तुमच्याकडे शुक्रवारची बैठक असते ना, नुसतं बसायला आले तर चालेल का?

धागाकर्ती
या ताई. सातला असते. बसस्टँडवर घ्यायला आई येईल, तीच म्हणाली.