शेततळ्यात अडकलेली रिमोटची बोट पाण्यात न उतरता कशी काढावी?

नमस्कार मंडळी, तासगाव तालुक्यातून लिहितोय. पुतण्या डिप्लोमाला आहे. त्यानं खपून फायबरची रिमोटवर चालणारी बोट स्वतः बनवली. काल संध्याकाळी ती आमच्या शेततळ्याच्या मधोमध अडकली. पंपाच्या पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असलेला फूटव्हॉल्व्ह (पाणी आत घेणारी झडप) तळाला टेकू नये म्हणून तिथं प्लॅस्टिकचा ड्रम बांधलाय. त्याच्या नायलॉन दोरीचं सुटं टोक बोटीच्या पंख्यात गुंडाळलं गेलंय. रिमोट दिला की सुकाणू हलतं, पण मोटर नुसती कण्हते आणि थांबते. पंखा उलटा फिरवायची सोय तिच्या स्पीड कंट्रोलरला नाही.

तळं ‘मागेल त्याला शेततळे’ या सरकारी योजनेतलं, 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल. म्हणजे कुठल्याही काठावरून बोट 15 मीटर लांब. आत पाणी मुरू नये म्हणून 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद आहे. ज्यांच्याकडे तळं आहे त्यांना सांगायला नको, ओल्या कागदावर शेवाळ धरतं, उतारावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येऊन परत आत घसरतो. शेततळ्यात बुडून पोरं गेल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. त्यामुळे कमरेला दोर बांधूनही कुणी उतरायचं नाही, हे घरात पक्कं ठरलंय. पोराचा जीव बोटीत अडकलाय, तरीही.

लोखंडी आकडा किंवा गळ टाकता येत नाही. कागदाला भोक पडलं तर द्राक्षबागेचं उन्हाळ्याचं पाणी गेलं. टेनिस बॉलला तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) बांधून पलीकडे फेकला, बोटीला वेढाही बसला, पण ओढलं की ड्रमची दोरी ताणते आणि बोटीची मागची बाजू पाण्यात दबते. जास्त जोर लावायला भीती वाटते.

घाईचं कारण बॅटरी. तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) आहे, 11.1 व्होल्टची. रिमोट बंद केला तरी बोटीतला रिसीव्हर चालूच राहतो आणि बॅटरी उतरत जाते. सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की ती खराब होते, फुगते. कुणी असं काही काढलंय का?

प्रतिसाद: आमच्याकडे पुरात गुळाच्या काहिलीत (गूळ शिजवायच्या मोठ्या कढईत) बसून माणसं पलीकडे जायची. काहील मिळाली तर बघा.

धागाकर्ता: दादा, सुचवल्याबद्दल आभार. पण काहील कलली तर माणूस त्याच कागदावर पडणार. नको.

प्रतिसाद: काका, बोट ओढू नका, ड्रम ओढा. ड्रमला बांधलेला पंपाचा काळा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप पाण्यापेक्षा हलका असतो, आणि आतल्या पाण्याचं वजन पाण्यात जाणवत नाही. काठावर पंपाचं कपलिंग सोडा आणि तिघंचौघं मिळून पाइप हळूहळू मागे घ्या. ड्रम, दोरी, बोट सगळं एकत्र येईल. ओढणाऱ्यांनी बांधाच्या वर, कोरड्या मातीवरच उभं राहायचं. त्याआधी स्टार्टर ऑटोवर असेल तर फ्यूज काढून ठेवा, नाहीतर लाइट येईल आणि ऐन वेळी पंपाची मोटर सुरू होईल. ड्रम काठापासून तीनेक मीटरवर आला की थांबा. आणखी ओढलात तर खालचा फूटव्हॉल्व्ह कागदावर घासेल. तिथून लांब बांबूनं बोट जवळ घ्या. बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळा. पंपात परत पाणी भरावं लागेल, तेवढाच त्रास.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं. स्टार्टर ऑटोवरच आहे, आत्ताच जाऊन फ्यूज काढतो. बॅटरी फुगलेली निघाली तर?

प्रतिसाद: चार्जिंगला अजिबात लावू नका. वायर सोडवून कोरड्या वाळूच्या बादलीत, घरापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवा. बोट निघाली की इथं कळवा.