मदत हवी आहे : भुसावळच्या घड्याळात 100 की 36? टाइम डायलेशनचं गणित जुळत नाहीये

हतनूर
दुपारपासून एकाच ठिकाणी अडकलोय. गाडीतल्या घड्याळात 60 मायक्रोसेकंद, फलाटावरच्या घड्याळात 100, इथपर्यंत सगळं बरोबर येतं. पण गाडीत बसलेल्याच्या दृष्टीने स्टेशन हलतंय ना? मग स्टेशनचं घड्याळ हळू चाललं पाहिजे. 60 ला 0.6 ने गुणलं की 36. मग गाडी भुसावळला पोचली तेव्हा तिथल्या घड्याळात 100 की 36? एकाच घड्याळाचे काटे दोन ठिकाणी कसे असतील? पुस्तकात टाइम डायलेशन म्हणून 'हलतं घड्याळ मंद चालतं' हे एक वाक्य आणि खाली सूत्र, एवढंच आहे. उद्या सकाळी 11 वाजता हेच वर्गात समजावून सांगायचंय. लवकर सांगा.

आउटर_सिग्नल
आधी गणित पूर्ण टाका. वेग किती? अंतर किती, आणि ते रुळावर उभं राहून मोजलेलं की गाडीतून? गाडी जळगावला थांबलेली होती का? भुसावळला थांबते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घड्याळं एकूण किती?

हतनूर
वेग 0.8 प्रकाशवेग, म्हणून सूत्रातून घड्याळ मंद व्हायचा गुणक 0.6. जळगाव-भुसावळ 24 किमी, रुळावर मोजलेलं. गाडी कुठेच थांबत नाही, दोन्ही स्टेशनं त्याच वेगात ओलांडते. घड्याळं नेहमीचीच, एक गाडीत आणि एक स्टेशनवर.

आउटर_सिग्नल
'एक स्टेशनवर' म्हणजे कुठल्या स्टेशनवर? सुटतानाची वेळ जळगावला पाहिली आणि पोचल्याची भुसावळला. ही दोन घड्याळं झाली.

हतनूर
हो, दोन. पण दोन्ही एकमेकांशी मिळवलेली आहेत, त्यात काय विशेष? जळगाव ओलांडताना जळगावचं आणि गाडीतलं दोन्ही शून्यावर.

मेहरूण
हा जुळ्या भावांचाच प्रश्न आहे, एक भाऊ प्रचंड वेगाने फिरून परत येतो तेव्हा तो कमी वयाचा निघतो, तो. गाडी भुसावळहून त्याच वेगाने परत आणा. जळगावच्या घड्याळात 200, गाडीतल्यात 120. दोन्ही घड्याळं एका फलाटावर शेजारी ठेवून बघा, 80 चा फरक खरा आहे. परत फिरते ती गाडी, स्टेशन नाही, म्हणून कमी वय गाडीचं. वाद तिथेच मिटतो.

वाघूर
आकडे बरोबर आहेत, पण या गणितात गाडी परतच फिरत नाही. त्यांचा प्रश्न एकमार्गी प्रवासाचा आहे. 36 कुठून आलं आणि ते कशाचं आहे, हे तुमच्या उत्तरात येत नाही.

आउटर_सिग्नल
हतनूर, 'त्यात काय विशेष' म्हणालात तिथेच गाठ आहे.

घड्याळं मिळवायची रीत बघा. वाटेतलं भादली स्टेशन अगदी मधोमध आहे असं धरा. तिथे एक दिवा लुकलुकवायचा. दोन्हीकडे 12 किमी, प्रकाश सेकंदाला 3 लाख किमी, म्हणजे 40 मायक्रोसेकंदांनी जळगावलाही पोचतो आणि भुसावळलाही. पोचला की दोन्हीकडे घड्याळ चालू. रुळावरच्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही एकाच क्षणी सुरू झाली.

आता हेच गाडीतून बघा. हलत्या गोष्टीची लांबीही त्याच 0.6 पट भरते, म्हणून 24 किमी आकुंचन पावून 14.4 झाले, म्हणजे भादलीपासून दोन्हीकडे 7.2 किमी. हे अंतर कापायला प्रकाशाला 24 मायक्रोसेकंद लागतात. पण स्टेशनं स्थिर नाहीत, 0.8 प्रकाशवेगाने मागे सरकताहेत. भुसावळ प्रकाशाच्या सामोरं येतंय, तर जळगाव प्रकाशापासून पळतंय. भुसावळला प्रकाश 24 भागिले 1.8, म्हणजे 13.33 मायक्रोसेकंदांत पोचतो. जळगावला 24 भागिले 0.2, म्हणजे 120. फरक 106.67. या काळात भुसावळचं घड्याळ 0.6 च्या गतीने चालतंय, म्हणून त्यात 64 मायक्रोसेकंद जमा झाले.

म्हणजे गाडीच्या हिशेबात ही घड्याळं मिळवलेली नाहीतच. जळगाव शून्यावर असताना भुसावळचं आधीच 64 वर आहे. पुढच्या 60 मायक्रोसेकंदांत ते 36 ने सरकलं. 64 अधिक 36 बरोबर 100.

तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत. 100 हा भुसावळच्या तबकडीवरचा आकडा. 36 म्हणजे ते घड्याळ तेवढ्या वेळात किती पुढे गेलं ते. काट्यांची दोन ठिकाणं कुठेच नाहीत.

हतनूर
थांबा. 64 दरवेळी असा दिवा लावूनच काढायचं का? परीक्षेत एवढा वेळ कुठे असतो?

आउटर_सिग्नल
नाही. वेग गुणिले अंतर भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. 24 किमी म्हणजे प्रकाशाचे 80 मायक्रोसेकंद, त्याला 0.8 ने गुणा, 64. अंतर मात्र घड्याळं ज्याच्या दृष्टीने स्थिर आहेत त्याने मोजलेलंच घ्यायचं, इथे रुळावरचं 24. बरेच जण 14.4 घालतात, मग 38.4 येतं आणि पुढचं काहीच जुळत नाही.

गिरणाकाठ
सूत्रं राहू द्या. आलेखाचा कागद घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आडव्या अक्षावर 1 सेंमी म्हणजे 3 किमी, उभ्यावर 1 सेंमी म्हणजे 10 मायक्रोसेकंद. या मापाने प्रकाशाची रेघ बरोबर 45 अंशात येते. माप वेगळं घेतलंत तर येणार नाही, म्हणून हे बदलू नका.

जळगावची उभी रेघ 0 वर, भुसावळची 8 सेंमीवर. गाडीची रेघ मूळबिंदूपासून 8 आडवे, 10 उभे या बिंदूपर्यंत. आता गाडीच्या दृष्टीने 'एकाच वेळी' असलेल्या घटनांची रेघ काढायची. ती आडवी नसते. तिचा चढ 0.8 असतो, म्हणजे 10 सेंमी उजवीकडे गेलं की 8 सेंमी वर. अशी रेघ मूळबिंदूतून काढा. भुसावळच्या रेघेला ती 6.4 सेंमीवर छेदते, ते तुमचे 64. तिलाच समांतर रेघ गाडी पोचली त्या बिंदूतून मागे काढा, जळगावच्या रेघेला 3.6 वर छेदते, ते 36: गाडीच्या दृष्टीने तेवढ्या वेळात जळगावचं घड्याळही 36 नेच सरकतं.

एक सांभाळा. गाडीच्या तिरक्या रेघेवर पट्टी ठेवून वेळ मोजू नका. पट्टीवर 12.8 सेंमी भरेल, पण गाडीतला वेळ 60 च आहे. तिरक्या रेघेवरचं माप वेगळं असतं, तिथे वर्गांची बेरीज नाही, वजाबाकी होते: 100 चा वर्ग वजा 80 चा वर्ग म्हणजे 3600, त्याचं वर्गमूळ 60.

वाघूर
आलेख चांगला आहे, पण मुलं विचारतील, 'गाडीतून खिडकीबाहेर बघितलं तर दिसेल काय?' 64 आणि 36 हे हिशेबाने काढलेले आकडे आहेत, डोळ्यांना दिसणारे नाहीत. मला वाटतं सुरुवात दिसण्यापासूनच करावी.

गाडी जळगावात असताना दुर्बिणीतून भुसावळचं घड्याळ बघा. तिथून निघालेला प्रकाश 24 किमी येतो, म्हणून ते शून्याच्या 80 मायक्रोसेकंद आधीची वेळ दाखवतं. गाडी त्याच्याकडे 0.8 ने जातेय, तेव्हा डॉप्लरचा गुणक (जवळ जाताना घड्याळ किती पट जलद दिसतं तो) 1.8 भागिले 0.2 चं वर्गमूळ, म्हणजे 3. ते घड्याळ मंद नाही, तिप्पट वेगाने पळताना दिसतं! गाडीतल्या 60 मायक्रोसेकंदांत ते 180 पुढे जातं. उणे 80 अधिक 180 बरोबर 100.

मागे वळून जळगावचं घड्याळ बघितलं तर ते एक तृतीयांश वेगाने चालताना दिसतं. भुसावळला पोचेपर्यंत त्यात फक्त 20 झालेले दिसतात. रुळावरच्या माणसालाही हेच मान्य आहे. जळगावच्या घड्याळात 20 वाजले तेव्हा निघालेला प्रकाश 80 मायक्रोसेकंद चालून 100 ला भुसावळला येतो.

आउटर_सिग्नल
वाघूर, आकड्यांबद्दल वाद नाही. पण सुरुवातीलाच डॉप्लर सांगितलात तर मूल म्हणेल की टाइम डायलेशन म्हणजे प्रकाश उशिरा पोचल्याचा नुसता भास. प्रकाशाच्या प्रवासाचा वेळ वजा केल्यावरही जो मंदपणा उरतो त्यालाच टाइम डायलेशन म्हणतात. तो गैरसमज एकदा बसला की निघत नाही.

वाघूर
आणि 'एकसमयता', म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडणं, हा शब्द आधी टाकलात तर मूल पाठ करतं आणि विसरतं. दिसणारी गोष्ट आधी, तिच्यातून प्रकाशाचा वेळ वजा करायचा, मग उरलेलं मंदपण दाखवायचं. क्रम एवढाच, तुमची गोष्ट मी सोडत नाहीये.

सातपुडा_वारा
उंचावरचं घड्याळ किंचित जलद चालतं, हा उंचीचा परिणाम कोणी धरलाच नाही. तोरणमाळ जळगावपेक्षा साधारण 900 मीटर उंच धरा. गुरुत्वाकर्षण गुणिले उंची भागिले प्रकाशवेगाचा वर्ग, म्हणजे तोरणमाळचं घड्याळ दिवसाला साधारण 8.5 नॅनोसेकंद पुढे जातं. जीपीएसमध्ये हेच मोठ्या प्रमाणात होतं. उपग्रह 20,200 किमी उंचीवर, वेग सेकंदाला 3.9 किमी. वेगामुळे दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे, उंचीमुळे 45 पुढे, एकूण 38 पुढे. म्हणून उपग्रहातलं 10.23 मेगाहर्ट्झचं घड्याळ वर सोडण्याआधीच 10.22999999543 वर लावतात. ही दुरुस्ती नसती तर दिवसाला 11 किमीची चूक झाली असती. उद्या वर्गात हे नक्की सांगा.

गिरणाकाठ
38 बरोबर. 11 किमी सरळ सांगू नका. ते 38 मायक्रोसेकंद गुणिले प्रकाशवेग एवढंच आहे. सगळ्या उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली तर ती चूक रिसीव्हरच्या स्वतःच्या घड्याळाच्या अज्ञात चुकीत मिसळून जाते, कारण रिसीव्हर चार उपग्रह घेऊन तीन अंतरं आणि चौथी स्वतःची वेळ सोडवतो. खरी अडचण येते ती प्रत्येक उपग्रहाला वेगवेगळ्या लागणाऱ्या दुरुस्तीची. कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असली, विकेंद्रता (वर्तुळापासून किती वेगळी ते माप) 0.01 धरली, तर 23 नॅनोसेकंदांपर्यंत फरक वरखाली होतो, म्हणजे जवळजवळ 7 मीटर. तो रिसीव्हर स्वतः सोडवतो.

हतनूर
जीपीएस नंतर वाचतो. मला उद्या 11 पर्यंत फक्त गाडी समजावायचीय. कोणी विचारलं, 'हे कोणी मोजलंय का?' तर काय सांगू?

मेहरूण
म्युऑन सांगा, वातावरणातून वेगाने खाली येणारे आणि लवकर नष्ट होणारे कण. 1963 साली फ्रिश आणि स्मिथ यांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर, साधारण 1900 मीटर उंचीवर, म्युऑन मोजले, तासाला सरासरी 563. ते अंतर खाली यायला 6.4 मायक्रोसेकंद लागतात आणि म्युऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. घड्याळ मंद होत नसतं तर खाली तासाला 27 च्या आसपास उरले असते. मोजले ते 400 च्या वर. तुमच्या गणिताशी जोड अशी: म्युऑन म्हणजे गाडीतलं एक घड्याळ, डोंगर आणि समुद्रसपाटी म्हणजे तुमची दोन स्टेशनं.

आणि घड्याळंच हवी असतील तर ऑक्टोबर 1971. हाफेल आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती नेली. पूर्वेकडे गेलेली 59 नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडची 273 पुढे गेली. त्यात वेग आणि उंची दोन्हींचा हिशेब आहे, म्हणून गाडीच्या गणिताला म्युऑनच जास्त जवळचा.

चाळीसगावकर
वेळ आणि गतीचा विषय निघालाय तर आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचं नाव यायलाच हवं. पाटणादेवीला 1207 सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याचा. ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, भास्कराचार्यांनी 12व्या शतकात मांडली. खान्देशातल्या मुलांना हे माहीत असावं.

वाघूर
जरूर असावं, शिलालेख बघायला वर्गच्या वर्ग न्यावा. पण तात्कालिक गती हे गणित वेगळं, तिथे सगळ्यांचा काळ एकच आहे. इथे काळच दोघांचा दोन होतो. एका तासात दोन्ही सांगितलं तर मुलं गोंधळतील.

सातपुडा_वारा
आणि खऱ्या गाडीचं? ताशी 110 किमीने 24 किमी, साधारण 785 सेकंद. फरक फक्त 4 पिकोसेकंद. म्हणून रोजच्या प्रवासात कुणाला कळत नाही.

हतनूर
हे विचारलं नव्हतं, पण सांगेन. बरं, मी आलेख काढला. 6.4 आणि 3.6 दोन्ही आले. मग स्वतः दुसरं गणित केलं: 18 किमी, वेग 0.6. स्टेशनांवर 100, गाडीत 80. गाडीच्या दृष्टीने स्टेशनचं घड्याळ 80 गुणिले 0.8, म्हणजे 64 ने सरकतं. आधीचा फरक 60 गुणिले 0.6, म्हणजे 36. 64 अधिक 36 बरोबर 100. बरोबर ना? आते समजनं भाऊ!

आउटर_सिग्नल
पूर्ण बरोबर. वर्गात फळ्यावर पहिली गोष्ट ही लिहा: कोणाकडे एकच घड्याळ आहे आणि कोणाकडे दोन? गॅमाने (1 भागिले मंद व्हायचा गुणक, इथे 1 भागिले 0.6) गुणायचं सूत्र तेव्हाच थेट चालतं, जेव्हा दोन्ही घटना एका घड्याळाच्या जागेवरच घडतात. इथे तसं घड्याळ गाडीतलंच. तुम्ही 60 वरून 36 काढलंत ते भुसावळच्या घड्याळाचं चालणं होतं, आणि तुलना केलीत जळगावच्या शून्याशी.

हतनूर
शेवटचं. मग फलाटावरून बघितलं तर गाडीतली घड्याळंही एकमेकांशी जुळणार नाहीत का? एक इंजिनात, एक मागे गार्डाच्या डब्यात?

आउटर_सिग्नल
नाही जुळणार. गाडीत मोजलेली लांबी 600 मीटर धरा, म्हणजे प्रकाशाचे 2 मायक्रोसेकंद. गुणिले 0.8, म्हणजे 1.6. मागचं घड्याळ पुढे असतं. फलाटावरच्या एकाच क्षणी गार्डाच्या घड्याळात इंजिनातल्यापेक्षा 1.6 मायक्रोसेकंद जास्त दिसतील, आणि गाडी 360 मीटर भरेल. मघाशी भुसावळ पुढे निघालं ते याच कारणाने. गाडीतून बघताना स्टेशनांची जोडी जळगावच्या दिशेने धावते, त्यात भुसावळ हा मागचा डबा.