पत्ता गाळलेलं संशोधन, याला संशोधन म्हणायचं?

कडेकपारी:
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, 'नवी पाल किंवा नवं कंदीलपुष्प (कंदिलासारखं फूल येणारी कंदाची रानवनस्पती) सापडल्यावर नेमकं ठिकाण छापणारा संशोधक गुन्हेगारच.' डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 'उत्तर सह्याद्रीतला एक सडा', म्हणजे एक कातळपठार, हा काय पत्ता झाला? उद्या कुणाला तो शोध पडताळायचा असेल तर त्याने कुठल्या सड्यावर जायचं? आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातला मासा घ्या. २०२० साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, कुंड जगजाहीर झालं आणि २०२१ मध्ये सरकारने तिथे जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं. गुपचूप ठेवलं असतं तर एव्हाना कुणीतरी सुशोभीकरण करून टाकलं असतं. पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा गाडगीळ समितीचा अहवालही आठवा. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल मंत्रालय दाबून बसलं. माहिती आयोग, मग दिल्ली उच्च न्यायालय, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये बाहेर आला. झाकून ठेवणं नेहमी कुणाच्या सोयीचं असतं?

पालपुराण:
अहवाल म्हणजे धोरण, पाल म्हणजे खिशात मावणारा जीव. गल्लत नको. चीनच्या गुआंगशी प्रांतातल्या गुहेतल्या पालीचं वर्णन १९९९ मध्ये छापलं गेलं. पाळीव प्राण्यांचे व्यापारी तिथे पोचले आणि मूळ जागेवरून ती पाल नाहीशी झाली. लाओसमधल्या पाणसरड्याचं (न्यूट, बेडकासारखा उभयचर) वर्णन २००२ मध्ये छापलं गेलं आणि त्याच्याही मागे व्यापारी लागले. आणि पडताळणीचं म्हणाल तर नमुना संग्रहालयात असतो, मांडीला चिठ्ठी बांधून, बरणीत. जाऊन बघा. नाव वैध ठरायला गुगल नकाशाचा पिन लागत नाही.

कडेकपारी:
म्हणजे तुम्ही पकडून बरणीत घातली तर विज्ञान, दुसऱ्याने पकडली तर तस्करी. छान.

सडेकर:
दोघांचं पत्त्यावरून चाललंय, पण तो पत्ता तुम्हाला देतो कोण? आमचे काका रात्री बॅटरी घेऊन एका संशोधकाबरोबर हिंडले. कातळाच्या कुठल्या भेगेत हात घालायचा नाही, हेही त्यांनीच दाखवलं. संशोधकाच्या पेपरात काय आलं? 'स्थानिक ग्रामस्थांचे आभार.' काकांना नाव नाही का? तो पेपर उघडायला गेलो तर साइट डॉलरात पैसे मागते!

पालपुराण:
लेखकाला मेल टाका, पीडीएफ फुकट पाठवतात. मी स्वतः पाठवतो.

सडेकर:
साहेब, आमच्याकडे रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. आणि मागायचं का? आमच्याच सड्यावरची पाल ना?

वाडीवरची_वैदू:
सडेकरदादांना शंभर टक्के अनुमोदन. वर ती लोकजैवविविधता नोंदवही, गावातल्या झाडापाल्याची, प्राण्यांची आणि त्यांबद्दलच्या माहितीची. माणसं येतात, आजीला विचारून कुठली मुळी कुठल्या दुखण्यावर ते लिहून नेतात. वही कुठे गेली, कोण वाचतं, आजीला पत्ता नाही. आमचं सगळं उघडं, तुमचं तेवढं गोपनीय!

कडेकपारी:
मूळ विषय काय होता?

सडेकर:
हाच. तुम्हाला दिसत नाही त्याला कोण काय करणार.

पालपुराण:
आवाज खाली. काकांचं नाव छापलं असतं तर पाल शोधणारा व्यापारी आधी त्यांच्याच दारात आला असता, हे सुचलं का? आमच्या एका ओळखीच्या गाईडकडे दोघे 'फोटोग्राफर' आले होते. कॅमेरा एक, प्लास्टिकचे डबे डझनभर.

सडेकर:
मग काकांनाच विचारायचं, नाव हवं की नको. तुम्ही परस्पर ठरवलंत.

पालपुराण:
...हे मान्य. विचारायला हवं होतं.

कडेकपारी:
अरे वा, सूर्य पश्चिमेला उगवला. मग माझंही घ्या: कंद खणून नेता येतील अशा कंदीलपुष्पाचा आणि पालीचा नेमका पिन पेपरात नको. पण तो वनखात्याकडे आणि ग्रामसभेकडे लेखी असलाच पाहिजे. नाहीतर खाणवाला आला की 'इथे काही नव्हतंच' म्हणायला सगळे मोकळे.

वाडीवरची_वैदू:
ग्रामसभेकडे दिलात तर संध्याकाळपर्यंत सरपंचाच्या पोराच्या रीलमध्ये येईल. आमच्या गावचं सांगते.

सडेकर:
रीलमध्ये तरी काकांचं नाव येईल.