अनुभव धागा : दुखणं, मरण आणि येशूवरचा विश्वास

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सिमितेरीत नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावत होते. शेजारच्या कबरीपाशी एक बाई हळू आवाजात मराठीतून बोलत होती. बावीस वर्षं गोव्यात राहूनही आपण रडतो मराठीतच. म्हणून हा धागा. घरात मोठं दुखणं आलं, माणूस गेलं, तेव्हा तुमच्या विश्वासाचं काय झालं ते लिहा. टिकला नसेल तरी लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही मूळचे वसईचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे वास्कोत आलो. त्यांच्या किडन्या गेल्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. पहिलं वर्ष मी बाहेरच्या बाकावर बसून बोटांवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. तिसऱ्या वर्षी एक दिवस पहिलं वाक्यच ओठांवर येईना. राग नव्हता, नुसतं कोरडं पडलं होतं आत. हे वाड्यावर कुणाला सांगितलंही नव्हतं, पण शेजारच्या माय एका संध्याकाळी चार बायका घेऊन आल्या आणि आमच्याकडे तेर्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची रोझरी, सुरू झाला. तो रोज होई, तोही कोकणीत. मला कोकणी बोलता येतं, प्रार्थना पाठ नव्हत्या. त्या म्हणत आणि मी फक्त 'आमेन'ला आवाज लावायची. सात महिने तेवढंच केलं.

सांकवाळ जवळच, म्हणून डायलिसिस नसेल त्या दिवशी कधी तिथल्या संत जुझे वाझ या गोव्याच्या पाद्रींच्या तीर्थस्थानी जाऊन बसायची. २०१५ साली ते संत झाले तेव्हा आम्ही दोघं मिळून आनंद केला होता. श्रीलंकेतल्या कँडीत १६९७ साली देवीची साथ आली, तेव्हा घरच्यांनीही टाकलेल्या रोग्यांजवळ ते राहिले. त्यातले किती वाचले हे मी कधी शोधलं नाही. ते जवळ राहिले, एवढंच मला पुरलं. माझे हे गेले तेव्हा माय उशाशी होत्या.

मडगावहून : आम्ही नगरकडचे, प्रोटेस्टंट. मुलगा नऊ वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर. मुंबईला टाटामध्ये उपचार झाले, आणि तो गेला. भेटायला आलेल्या एकाने सांगितलं, 'तुमचा विश्वास कमी पडला.' हे वाक्य कृपा करून कुणालाही म्हणू नका. माझ्या बायकोने त्यानंतर दोन महिने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं नाही. मग आमचे पाळक आले, चहा घेतला आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून पुस्तक मिटलं. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही. बायको म्हणाली, 'हेही देवानेच शास्त्रात ठेवलंय?' त्या रात्री ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

म्हापशाहून : स्तनाचा कॅन्सर, केमो चालू होती, इथल्या मिलाग्रिस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, जत्रेत उभं राहायची ताकद नव्हती. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी शेजारच्या हिंदू काकी माझ्या नावाने सायबिणीला तेल वाहून आल्या. आता बरी आहे. काकी मात्र गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्यासाठी मी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, वाहिली. चालतं ना?

डिचोलीहून : मी विश्वास ठेवून आहे असं म्हणणार नाही. आई गेली तेव्हापासून मिस्सेला जात नाही. आपल्याकडे काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, अस्थी काढून ठेवतात. बोलावणं आलं म्हणून गेलो. आईच्या हातात गुंडाळलेल्या रोझरीचा दोरा कुजला होता, मणी मातीत सुटे पडले होते. खोदणाऱ्याने न विचारता एकेक वेचून माझ्या ओंजळीत दिले. घरी आणून धुतले. मोजले तर तीन कमी आहेत. देवाशी अजून बोलत नाही, पण बाहेर पडताना मणी खिशात घेतो.

वास्कोहून, पुन्हा मी : म्हापशाच्या ताई, चालतं, नक्की चालतं. डिचोलीचे दादा, आमच्या माय रोझऱ्या ओवतात. डोळे अधू झालेत, पण बोटांना सवय आहे. कमी पडलेले तीन मणी त्यांच्या डब्यात सापडतील. तुम्हाला ओवून हवे असतील तर सांगा, मी त्यांना विचारते. सुटेच ठेवायचे असतील तर तसेच राहू द्या.